एक घरासाठी, एक मनासाठी!

महिन्याचा हप्ता, सोसायटीतलं एकुलतं एक पार्किंग आणि मनात घर करून बसलेली ती छोटी, खट्याळ गाडी... या तिघांचं जमतं का? जमतं! फक्त हिशेब शोरूममधल्या एसीत बसून करायचा नाही, घरच्या डायनिंग टेबलवर करायचा.

हिंजवडी असो की बीकेसी, मगरपट्टा असो की ऐरोली, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक विषय कधीच शिळा होत नाही. अप्रेझल झालं, हातात चार पैसे आले, की गाड्यांच्या गप्पा सुरू. आई-बाबा आहेत, बाळ आहे, दिवाळीत गावी जायचं असतं, म्हणून एकजण सात सीटर बघत असतो. ऑन-रोड किंमत, डिकी, मायलेज, सगळं तोंडपाठ. आणि तोच गडी पाच मिनिटांनी मोबाइल पुढे करून एका जुन्या जिप्सीचे फोटो दाखवतो. वर हळूच म्हणतो, "घरी सांगितलं नाहीये अजून."

या 'घरी सांगितलं नाहीये'मध्येच सगळी गोम आहे. डोक्याला एक गाडी हवी असते आणि मनाला दुसरी. मग आपण काय करतो? दोन्ही गाड्या एकाच गाडीत कोंबायला बघतो. सात माणसं बसली पाहिजेत, ट्रॅफिकमध्ये पाय दुखायला नको, मायलेज हवं, शिवाय घाटात मजा यायला हवी आणि खाली उतरल्यावर शेजाऱ्यांनी वळून बघायला हवं! अशी गाडी असते, नाही असं नाही. पण तिच्या किमतीत दोन शून्यं जास्त असतात. परवडेल अशा किमतीत मिळते ती तडजोड. बाबा म्हणतात चढायला उंच आहे आणि तुम्ही म्हणता चालवायला मजा नाही.

मग कामं वाटून दिली तर? आठवडाभर राबणारी एक शहाणी गाडी आणि रविवारी सकाळी बाहेर पडणारी एक वेडी गाडी. ऐकायला चैन वाटते, पण नीट आखलं तर हा प्लॅन एका मोठ्या एसयूव्हीच्या खर्चात बसतो. न आखता केलं, तर मात्र दोन्ही गाड्या खिसा आणि घर दोन्ही खातात. सो, आखूया!

आधी सांगा, मजा म्हणजे काय?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तिथेच पैसे वाया जातात. ड्रायव्हिंगची मजा ही एक गोष्ट नाही, चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली मजा वळणांची. मुळशीहून माणगावला उतरणारा ताम्हिणी, भोरहून महाडला जाणारा वरंधा, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी. पहाटे साडेपाचला निघायचं, खाली उतरून मिसळ खायची आणि अकराच्या आत घरी. या मजेला लहान, हलकी, मॅन्युअल गिअरची गाडी लागते. ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास असली तरी पुरे.

दुसरी मजा मातीची. डांबर संपलं की सुरू होणारी. तिला फोर-व्हील ड्राइव्ह लागतो, चिखल लागतो आणि बरोबर दुसरी एक गाडी लागते, कारण एकटा अडकलात तर ट्रॅक्टर शोधत फिराल.

तिसरी मजा आठवणींची. लहानपणी काकांकडे जी गाडी होती, कॉलेजच्या गेटवर जी बघितली होती, ती आपल्या दारात उभी असण्याची. ही गाडी पळाली नाही तरी चालतं, फक्त चमकली पाहिजे.

आणि चौथी मजा हात काळे करण्याची. यांना चालवण्यापेक्षा उघडण्यात रस. रविवार गाडीखाली जातो आणि हे खूश!

आता प्रामाणिकपणे स्वतःचा नंबर ओळखा. वळणांच्या शौकिनानं इन्स्टाग्राम बघून थार घेतली, तर घाटात गाडीचं वजन आणि उंची त्याला चिडवत राहणार. हात काळे न करणाऱ्यानं तीस वर्षांची जीप घेतली, तर जीप गॅरेजमध्ये आणि हा रिक्षात.

बारा लाखांची वाटणी

समजा, तुमचं सगळं मिळून बजेट बारा लाख आहे. सरळ रस्ता म्हणजे एक बारा लाखांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही. दुसरा रस्ता असा: साडेआठ लाख घरच्या गाडीला, अडीच लाख मनाच्या गाडीला आणि एक लाख बाजूला. हो, बाजूला! हा एक लाख कुठल्याही गाडीचा नाही. जुनी गाडी पहिल्या वर्षात तुमच्याकडून जे मागणार आहे, त्याची ही तरतूद.

या वाटणीतलं खरं गमक मनाच्या गाडीत नाही, घरच्या गाडीत आहे. मनाच्या गाडीचे पैसे येतात ते घरच्या गाडीवर न उधळलेल्या पैशांतून. वर्षातून दोनदा सात माणसं बसणार म्हणून आपण वर्षभर सात सीट ओढतो. एकदा कोकणात कच्चा रस्ता लागला म्हणून फोर-व्हील ड्राइव्हचे पैसे मोजतो. सनरूफ तर मुलांना आवडतं म्हणून घेतो आणि मे महिन्यात त्याचा पडदा ओढून बसतो. हे तीन हट्ट सोडले, तर दोन-तीन लाख तिथेच सुटतात. दिवाळीतल्या त्या दोन दिवसांसाठी ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्यानं घ्या. बाबाही खूश, तुम्हीही मोकळे.

सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानं हे गणित आणखी सोपं केलं. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्यांना ४० टक्के. म्हणजे वॅगन-आर, स्विफ्ट, डिझायर, टियागो या मंडळींना फायदा. यात एक गंमत बघा. मारुतीची जिम्नी चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती सवलतीबाहेर. तीन दारांची थार १.५ लिटर डिझेल इंजिनात मिळते, ती मात्र सवलतीत! त्यामुळे दोन-तीन वर्षं वापरलेली छोटी गाडी घेताना आजच्या नव्या गाडीचा भाव आधी विचारा. विकणारा अजून जुन्याच करावरची किंमत धरून बसलेला असू शकतो.

घरच्या गाडीत इंधनाचाही विचार करा. रोज ३० किलोमीटर म्हणजे महिन्याला साधारण ६६० किलोमीटर. पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये लिटर आणि मायलेज १५ धरलं, तर महिन्याला ४,४०० रुपये. इथे सीएनजी किंवा सोसायटीत चार्जिंगची सोय असेल तर छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तर रोजचा खर्च चांगलाच खाली येतो. सीएनजीवाल्यांची जुनी तक्रार म्हणजे डिकी सिलिंडरनं खाल्ली! टाटानं २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले आणि ती तक्रारही बरीच मिटवली. आठवडाभर गॅसवर किंवा विजेवर फिरायचं आणि रविवारी मनसोक्त पेट्रोल जाळायचं, हा हिशेब तसा वाईट नाही.

एक नियम मात्र पक्का. घरच्या गाडीला कर्ज ठीक, मनाच्या गाडीला नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर बहुतेक वेळा नव्यापेक्षा जास्त असतो आणि हप्ता सुरू असताना इंजिनचं काम निघालं, तर एकाच गाडीवर दोन हप्ते चढतात. ती गाडी रोख घ्यायची. रोख नाही? मग अजून वर्षभर फोटो बघायचे!

एका रविवारची किंमत

आता तो हिशेब, जो कुणी करत नाही. समजा, अडीच लाखांची गाडी घेतली. वर्षाचा खर्च मांडू: विमा ८,००० रुपये, सर्व्हिसिंग १२,००० रुपये, टायर आणि बॅटरीचा वर्षाचा वाटा ६,००० रुपये, पार्किंग महिना हजार धरून १२,००० रुपये, अचानक निघणारी कामं २५,००० रुपये, किमतीतली घट २०,००० रुपये. झाले ८३,०००. शिवाय अडीच लाख बँकेत असते तर सात टक्क्यांनी १७,५०० मिळाले असते. म्हणजे वर्षाला एक लाख, पेट्रोलशिवाय!

महिन्यातून दोन रविवार बाहेर पडलात, तर वर्षाच्या २४ फेऱ्या. एका फेरीचे साधारण ४,२०० रुपये. दीडशे किलोमीटरचं पेट्रोल धरा, गाडी दहाचं मायलेज देत असेल तर आणखी १,५००. एक रविवार पडला ५,७०० रुपयांना. आणि एक्स्प्रेस वेवरून गेलात, तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरानं जायचे ३२०, यायचे ३२०.

हा आकडा बघून घाबरायचं नाही, पण झाकायचाही नाही. दोन माणसांचं मल्टिप्लेक्स, जेवण आणि येता-जाता कॅब धरली, तर शहरातली एक शनिवार संध्याकाळही काही फुकट जात नाही. प्रश्न एवढाच की २४ रविवार खरंच मिळतील का? बाळाचं लसीकरण, मावसभावाचं लग्न, क्लायंटचा कॉल, पावसात बंद असलेला घाट... हे सगळं वजा केल्यावर दहाच रविवार उरत असतील, तर एक फेरी दहा हजारांना पडते. मग गाडी विकत घेण्यापेक्षा भाड्यानं घेणं शहाणपणाचं.

म्हणून एक सोपी टेस्ट. मागच्या सहा महिन्यांचं कॅलेंडर उघडा आणि सकाळी सहा ते अकरा खरोखर मोकळे असलेले रविवार मोजा. बारा निघाले तर पुढे वाचा. पाच निघाले तरी वाचा, पण 'विकत न घेता मजा' हा भाग आधी!

अडीच लाखांत मन कुठे कुठे जातं?

सेकंड-हँड बाजारात भाव शहरागणिक आणि गाडीगणिक बदलतात, त्यामुळे इथे किमती नाही, स्वभाव सांगतो.

जुनी स्विफ्ट, पेट्रोल: २००५ मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचं इंजिन होतं. हलकी गाडी, चपळ स्टेअरिंग आणि स्पेअर पार्ट कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळणार. पहिल्यांदाच हा उद्योग करणाऱ्यांसाठी सगळ्यात कमी डोकेदुखीची. फक्त वर्षं मोजा, त्याचं कारण पुढे.

फोक्सवॅगन पोलो: आपल्या चाकणमध्ये बनलेली. २०२२ मध्ये भारतात बंद झाली आणि त्यानंतर चाहत्यांचं प्रेम वाढलं! १.६ पेट्रोल मॅन्युअल साधी आणि दणकट. २०१३ मधली जीटी टीएसआय १.२ टर्बो, १०५ पीएसची, सात गिअरच्या ड्युअल-क्लच ऑटोमॅटिकसह. चालवायला झक्कास, पण तो गिअरबॉक्स कामाला आला तर बिल बघून घाम फुटतो. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास नसेल तर लांबून नमस्कार.

फियाट पॅलियो १.६: २००१ ची, शंभर हॉर्सपॉवरच्या घरातली. एका पिढीची कॉलेज क्रश. फियाटनं भारतात गाड्या विकणं केव्हाच थांबवलं, त्यामुळे पार्ट शोधणं हाच एक छंद होऊन बसतो. चौथ्या प्रकारची मजा आवडणाऱ्यांनीच वाटेला जावं.

मारुती जिप्सी: १९८५ पासून भारतात. २०१९ च्या सुमाराला सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. छोटी, हलकी, फोर-व्हील ड्राइव्हची आणि साधी मेकॅनिकनंही समजणारी. पण एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे आडव्या बाकांवर बसणाऱ्यांचे हाल. मातीत राणी, एक्स्प्रेस वेवर शिक्षा.

फोर्ड फिगो, फिएस्टा: चालवणाऱ्यांच्या लाडक्या. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणून भाव पडलेला मिळतो. घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून नेहमीचे पार्ट मिळतात का, एवढं विचारा.

सुरक्षेबद्दल दोन वाक्यं, कंटाळवाणी पण महत्त्वाची. भारतात एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली. पुढच्या दुसऱ्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत यायला २०२१ चा शेवट उजाडला. त्याआधीच्या गाड्यांत ती फक्त वरच्या मॉडेलमध्ये असायची. म्हणून जुन्या गाडीत वरचंच मॉडेल शोधा आणि घरात एक कायदा करून टाका: मुलं घरच्या गाडीतच. ज्या गाडीत बाळाचं सीट नीट बसत नाही, त्या गाडीत बाळ बसत नाही. फुल स्टॉप.

कागद बोलतात!

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे चौदा वर्षांची 'स्वस्त' गाडी आणि नोंदणी वाढवून घेतलेली थोडी महाग गाडी, यात दुसरी अनेकदा खरी स्वस्त असते. दिल्लीतून आलेल्या गाड्या मोहात पाडतात, कारण तिथे डिझेल दहा आणि पेट्रोल पंधरा वर्षांचा नियम आल्यापासून त्या कमी भावात निघायला लागल्या. पण एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळं धरून मगच भाव करा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल, तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा.

विम्यात तर बऱ्याच गमती आहेत. थर्ड पार्टी विम्याचे जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे एकदम ७,८९७. जीएसटी वेगळा. म्हणजे १.६ लिटरची हौस दर वर्षी साडेचार हजार जास्त मागते. दुसरी गोष्ट, मालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा एका पॉलिसीत असेल, तर दुसऱ्या गाडीला तो पुन्हा घ्यावा लागत नाही. एजंट आपणहून सांगेलच असं नाही. तिसरी, जुलै २०२२ मध्ये विमा नियामकानं 'जेवढी चालवाल तेवढं भरा' या धर्तीच्या विम्याला आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एका फ्लोटर पॉलिसीला परवानगी दिली. वर्षाला चार हजार किलोमीटरही न चालणाऱ्या गाडीसाठी हे पर्याय जरूर विचारा. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकताना तो सोडून येऊ नका.

फास्टॅगचंही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला, पण तो एका गाडीला बांधलेला असतो आणि राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे राज्याचा, तिथे नाही. पास घ्यायचाच तर जी गाडी जास्त फिरते तिच्यावर घ्या.

गाडी सजवण्याआधी एक थांबा. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की, नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. फाडफाड वाजणारा सायलेन्सर, बाहेर आलेले टायर यांचा दंड तर होतोच, अपघातानंतर विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

पार्किंगचं महाभारत

खरं सांगायचं तर बऱ्याच जणांची दुसरी गाडी पैशांवर नाही, पार्किंगवर अडते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा साधा अर्थ असा: एका सदस्याला एक जागा. सगळ्यांना देऊन जागा उरली, तरच दुसरी आणि तीही वर्षावर्षाच्या बोलीनं. सर्वोच्च न्यायालयानं तर २०१० मध्येच सांगून ठेवलंय की स्टिल्ट किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. तेव्हा 'मी दोन जागा विकत घेतल्यात' हे वाक्य मीटिंगमध्ये जपून वापरा. त्यात २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, असं धोरण आणण्याचा विचार बोलून दाखवला होता.

रस्त्यावर गाडी लावून आठवडाभर विसरणं हा पर्याय नाही. आरसा जातो, ओरखडे येतात आणि पावसाळ्यात झाडाची फांदी पडते. गावात आई-बाबांचं अंगण असेल, सासरी गॅरेज असेल, तर गाडी तिथे ठेवा. दर दोन आठवड्यांनी घरच्यांना भेटायला जाण्याचं इतकं छान निमित्त दुसरं नाही! मात्र त्यांनी अधूनमधून ती सुरू करावी ही अपेक्षा आधी विचारून ठेवा, गृहीत धरू नका.

रविवार कोणाचा?

हा भाग पुरुष वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावा. वीकेंड कारचा सगळ्यात मोठा खर्च पैशांत नसतो, वेळात असतो. आठवडाभर दोघंही नऊ ते आठ कामात. घरी बाळ किंवा आजारी आई. आणि रविवारी सकाळी एकजण चावी फिरवत निघून जातो, दुसऱ्याच्या वाट्याला कुकरच्या शिट्ट्या. अशी गाडी वर्षभरात विकली जाते आणि कारण सांगितलं जातं मेंटेनन्सचं!

म्हणून गाडी घेण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या. एक, जितके रविवार तुमचे, तितकेच समोरच्याचे. त्या वेळात ती ट्रेकला जाईल, झोपेल किंवा तीच गाडी घेऊन मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जाईल. तिच्या हातात चावी द्यायला जीव घाबरत असेल, तर ती मनाची गाडी नाही, एकट्याचं खेळणं आहे. दोन, वर्षाचा खर्च ठरवा आणि तो ओलांडला की गाडी त्या वर्षापुरती उभी. तीन, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? आरोग्य विमा आहे का? ही दोन उत्तरं 'हो' नसतील, तर पोलो, जिप्सी, सगळं पुढच्या वर्षी. घरातल्या माणसाला रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली, तेव्हा दारात उभी असलेली शहाणी गाडी आणि खात्यात असलेले पैसे, हेच कामाला येतात.

विकत न घेता मजा

दुसरी गाडी परवडत नाही किंवा ठेवायला जागा नाही? हरकत नाही. पहिला मार्ग, एकाच गाडीत दोन स्वभाव. फ्रॉन्क्सचं १.० टर्बो, आय-ट्वेंटी एन लाइन, १२० पीएसची अल्ट्रोझ रेसर (ती २०२४ मध्ये आली), किंवा बजेट ताणता आलं तर चाकणचीच व्हर्टस. ५२१ लिटरची डिकी घरच्यांसाठी आणि टर्बो इंजिन तुमच्यासाठी. यातल्या काही दोन-तीन वर्षं वापरलेल्या मिळाल्या, तर बारा लाखांचं गणित एका गाडीतच सुटतं.

दुसरा मार्ग भाड्याचा. थार किंवा जिम्नी दोन दिवस घ्यायची, चिखलात न्यायची, धुऊन परत द्यायची. काळी पाटी आणि तिच्यावर पिवळी अक्षरं, ही स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची अधिकृत खूण. मित्राच्या मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय, वर्षाला दहा वेगवेगळ्या गाड्या चालवल्यावर आपल्याला नेमकं काय आवडतं, हेही कळतं.

चौकट १ : बघायला जाताना

- सकाळी जा आणि इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. गरम इंजिन बरंच लपवतं.
- टायरवरचे चार आकडे वाचा. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी जुना टायर तो जुनाच.
- टायमिंग बेल्टची गाडी असेल, तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नाही, म्हणजे बदलला नाही असंच धरा.
- कार्पेट उचला, स्पेअर व्हीलच्या खाली हात घाला. पुराचं पाणी गंज आणि गाळ मागे ठेवून जातं.
- आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवंच. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत.
- गाडी नावावर झाली की विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करा.
- आणि ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याची फी ही या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

चौकट २ : आठवडाभर उभ्या गाडीसाठी

- दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर बॅटरीचा निगेटिव्ह वायर काढा.
- नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका. पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा.
- हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवू नका, तो चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.
- पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप तपासून घ्या.
- उंदीर! बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघा. एका रात्रीत ते हजारोंचं वायरिंग खातात.
- ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. आधी कोरडी करा.

थोडक्यात काय, तर मनाची गाडी हे बक्षीस आहे, गरज नाही. घरचं सगळं जागच्या जागी असेल तर ते बक्षीस स्वतःला जरूर द्या. मायलेज, रिसेल, 'लोक काय म्हणतील' हे शब्द त्या गाडीपुरते विसरून जा, कारण त्यांची काळजी घ्यायला घरची शहाणी गाडी आहेच. फक्त पहिली फेरी मारायच्या आधी एक काम करा. ज्या माणसाला अजून सांगितलं नाहीये ना, त्याला आज रात्री जेवताना सांगून टाका. बाजूच्या सीटवर बसायला तेच येणार आहे!